अण्णांचा पंचा

शिवाजीनगरच्या देवळातून पालखी निघणार, तेवढ्यात ओसाकाहून लेकीचा, हर्षिताचा व्हिडिओ कॉल आला. वसुमतीने फोन नवऱ्यापुढे, अण्णांपुढे धरला. "अण्णा, आमच्या गल्लीची जत्रा! शेजाऱ्यांनी मलाही पालखी उचलायला बोलावलंय!" निळ्या डगल्यातली लेक जपानी घोळक्यातून तिथल्या देवाच्या पालखीखाली शिरत होती. कॉलेजात असताना तिला इथे अण्णांनीच मागे सारलं होतं: "पोरींनी खांदा द्यायचा नसतो." आता अण्णा भडकणार, असं वसुमतीला वाटलं. अण्णा फोनवर ओरडले, "अगं, दांडा मानेवर नको! खांद्यावर पंचा ठेव, स्वल्प वाक, सगळ्यांबरोबर पाऊल टाक!" तिकडे पालखी उचलली गेली. हर्षिता हसली. "बघा रे, माझी लेक!" अण्णा प्रत्येकाला फोन दाखवत सुटले. "म्हणजे पोरींना चालतं होय, अण्णा?" शेजारच्या मंजुनाथने इथल्या पालखीचा दांडा धरून टोमणा मारला. अण्णांनी आपला पंचा वसुमतीच्या खांद्यावर ठेवला. "पदर खोच. आज माझ्या जागी तू."