शिडीवरचा बाप

अग्निशामक दलातून निवृत्त झालेली शिडीची लाल गाडी आता पथदिव्यांच्या कामाला होती. शिडीच्या टोकावरच्या पाळण्यात वायरमन मखोसी सकाळपासून अडकला होता. “मामा, खाली घ्या ना! आज पोरीला मागणी घालायला येणारेत!” “शिडीचं तेल गळलंय रे, खाली येतच नाही,” म्हातारा ड्रायव्हर खालून ओरडला. “दलाला फोन केला. म्हणतात, उंच शिडी एकच होती, ती तुम्हालाच दिली.” समोरच्याच जॅकरंडाच्या झाडापलीकडे मखोसीचं घर होतं. दुपारी फाटकाबाहेर मुलाकडचे टोप्या काढून, उन्हात, “न्दिवेनी!” असं मखोसीचं कुळनाव पुकारत होते. बाप आल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, ही रीत. तासाभराने त्यांनी टोप्या चढवल्या आणि ते माघारी वळले. “उघडा गं फाटक! मी नसलो तरी चालेल!” मखोसीने वरून घरातल्या बायकांना बोंब ठोकली. फाटक उघडलं, पाहुणे परत फिरून आत गेले. दार लागलं. आत काय ठरतंय ते वरून काही ऐकू येईना.