गुरुवारची मेल

"आवं नाना, ही मशीन हाय का पाटा-वरवंटा?" शिपाई जोतिबानं लॅपटॉप पल्लवीच्या टेबलावर आणून ठेवला. "लय जड हाय."

मधुकरराव टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. रहिमतपूरहून एसटीनं भर उन्हात ते साताऱ्याला आले होते. तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची तीस वर्षं गेली. त्यामुळं निवृत्तीनंतरही तिथलं वायफाय त्यांना वापरता यायचं. दर गुरुवारी ते ग्रंथालयात कोपऱ्यातल्या बाकावर बसत आणि चारचं काम उरकून परत जात. गेल्या आठवड्यात नेटवर्क बदललं आणि लॅपटॉप जोडलाच जाईना.

"चारच्या आत व्हायला पाहिजे," ते म्हणाले.

पल्लवी नेटवर्क सांभाळायची. तिनं घड्याळ पाहिलं, सव्वातीन झाले होते.

"काका, हा कुठल्या जमान्यातला?"

"मुकुलचा. माझा मुलगा. सांगलीला इंजिनिअरिंगला होता तेव्हा घेतलेला."

"आणि आता?"

"कॅनडात."

लॅपटॉप सुरू व्हायलाच सात मिनिटं लागली. नव्या नेटवर्कचं नाव यादीत दिसेना. पल्लवीनं कपाटातून बोटाएवढा वायफायचा डोंगल काढून बाजूला खोचला. नाव आलं, पण आत घेईना.

"जोडणी नाकारली," मधुकररावांनी पडद्यावरचं वाचलं. गेल्या गुरुवारीही जुन्या नेटवर्कच्या नावावर त्यांनी हेच वाचलं होतं, सोळा वेळा.

"काका, एवढा जीव कशाला काढायचा? माझ्या कॉम्प्युटरवर मेल उघडा ना."

"पासवर्ड माझ्याकडं नाही. ह्या मशीनमध्येच साठवलेला आहे, तेवढाच."

"धन्य आहात!" ती हसली. "घरी नेट नाही का?"

"आहे. पण तिच्या उशाशी बसून लिहायला जमत नाही."

"काकूंच्या तक्रारी करत असणार लेकाकडं!"

मधुकररावही हसले. हसायचं असतं म्हणून हसले. हल्ली त्यांना ऊन, भूक, झोप असलं काही फारसं जाणवत नसे. गुरुवार तेवढा जाणवायचा, आणि त्यात चार वाजलेले जाणवायचे.

"काकू आजारी आहेत का?"

"डावी बाजू गेलीय. दोन वर्षं झाली. चार वाजता फोनवर मुकुलची मेल दिसली, की मग दोन घास खाते. एका बोटानं उत्तर लिहिते." त्यांनी घड्याळ पाहिलं. "गेल्या गुरुवारी मेल नाही. जेवली नाही ती. आठवडाभर काही विचारलंही नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. भीती वाटते हो मला. आज परत चुकलं तर हाय खाईल ती."

पल्लवीचं हसू गेलं. तिनं खुर्ची पुढं ओढली.

"फोन नाही का करत तो?"

"रात्रपाळी असते. वेळ जुळत नाही."

"मग व्हय!" जोतिबा दारातून म्हणाला. "आमच्या वडूजचा एक हाय तिकडं. सन न्हाई, वार न्हाई. आईबापाचं त्वांड बघायला सवड न्हाई बगा."

"तसा नाही तो," मधुकरराव म्हणाले. आवाज जरा चढलाच. जोतिबा पाणी आणायला गेला.

पावणेचार झाले. पल्लवीनं जुनी नोंद पुसली, नवी केली, तरी पडद्यावर तेच. तळमजल्यावर मोबाईलला रेंज नव्हती, नाहीतर तिनं आपलंच नेट दिलं असतं. नाकी नऊ आले तिच्या. मग तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली.

"अरे देवा! इथं घोडं पेंड खातंय होय!"

"काय झालं?"

"तारीख बघा. एक जानेवारी दोन हजार नऊ. आतला सेल संपलाय, बंद केलं की घड्याळ मागं जातं. नव्या नेटवर्कला तारीख बरोबर लागते, नाहीतर ते उभंच करत नाही."

तिनं आजची तारीख घातली, वेळ घातली. डोंगल एकदा काढून परत खोचला. कोपऱ्यातलं चिन्ह फिरत राहिलं. मधुकररावांनी टेबलाची कड धरून ठेवली होती.

जोडलं.

"घ्या काका! तीन बावन्न. बसा निवांत." ती उठून आतल्या खोलीत गेली. दुसऱ्याची मेल बघू नये एवढी रीत तिला होती.

मधुकररावांनी मेल उघडली. वर मुकुलचं नाव आलं, शेजारी त्याचा चष्म्यातला फोटो. त्यांनी फोटोकडं पाहिलं नाही. ते दर गुरुवारी असंच करायचे. नव्या मेलवर बायकोचा, अनसूयाबाईंचा, पत्ता घातला आणि एकेक अक्षर शोधत लिहायला लागले.

"आई, इकडं अजून बर्फ आहे. गेल्या गुरुवारी कामाच्या गडबडीत लिहायचं राहून गेलं, रागावू नकोस. गोळ्या वेळेवर घेतेस ना? बाबांचं ऐकत जा. सुट्टी मिळाली की येतो. तुझा मुकुल."

तीन अठ्ठावन्नला मेल गेली. आता ती जेवेल. त्यांना हायसं वाटलं, निदान तसं वाटायला हवं होतं.

लॅपटॉप मिटायला हात घातला तेव्हा त्यांना ती दिसली. न वाचलेली एक मेल, अनसूयाबाईंची, गेल्या गुरुवारी सव्वाचारला आलेली. त्यांनी ती उघडली.

"अहो, मशीन बिघडलं असेल तर राहू द्या, उन्हातान्हात हेलपाटे घालू नका. आपला मुकुल गेला, हे मला दिवाळीपासून ठाऊक आहे. घरी या, एकदा दोघं मिळून रडू."