पर्याय नसलेला प्रश्न

सीईटी आठ दिवसांवर आली होती आणि सराव पेपरातल्या शेवटच्या प्रश्नाचे चारही पर्याय झेरॉक्समध्ये कापले गेले होते. वर्गात चुळबुळ सुरू झाली. "सर, पर्यायच नाहीत. उत्तर काढायचं कसं?"

हरदास सरांचं डोकं सणकलं. "कसं म्हणजे? गणित येतं ना? मग सोडवा की!"

कुणाचंच पेन हलेना. सरांनीच तर शिकवलं होतं, गणित सोडवत बसू नका, एकेक पर्याय घालून बघा, जो बसेल तो निवडा आणि पुढे पळा. याच युक्तीवर सरांचा क्लास गावात गाजत होता.

"बघा इकडे," म्हणत सरांनी फळ्यावर समीकरण लिहिलं. दुसऱ्या ओळीशी खडू अडला. ती ओळ त्यांनी पुसली, पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. कॉलेजात असली गणितं ते चहा पिता पिता सोडवायचे. आता मानेवरून घाम ओघळत होता.

मागच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझ्याकडे ताईचा मागच्या वर्षीचा हाच पेपर आहे. त्यात पर्याय आहेत. सांगू?"

सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"सांग," ते म्हणाले.