बोलायचं नाही

बेटावरच्या जंगलात परत सोडायच्या काकाकुव्यांसमोर कुणी अवाक्षरही काढायचं नाही, असा त्या पक्षिकेंद्राचा नियम होता. माणसांची सवय लागली, तर तिथे पकडायला येणाऱ्यांच्याच खांद्यावर जाऊन बसतील. गार्गीला हा नियम कधी जड गेला नाही. या परक्या देशात, हौगांगच्या फ्लॅटवर तरी तिच्याशी बोलायला कोण होतं! दुपारी तेवढा चिपळूणला आईला फोन, तोही पिंजऱ्यामागच्या खोलीत दार लावून.

सोडण्याआधीच्या शेवटच्या तपासणीत पिवळ्या तुऱ्याचा सगळ्यात देखणा नर मान वाकडी करून अगदी तिच्याच आवाजात बोलला, "हो गं आई, जेवले. मजेत आहे मी."

"झालं! आता हा नाही जाऊ शकत," सोबतची वेई लिंग हळहळली. "पण म्हणतोय काय?"

"मजेत आहे म्हणतोय," गार्गी कशीबशी म्हणाली.

वेई लिंग पक्ष्याकडे बघतच राहिली.



"मग आता हुंदके का देतोय?"