खरपुडी

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी प्रणिताच्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली. शुक्रवारी तुरुंगाच्या भटारखान्यात भाताच्या पातेल्याच्या तळाला लागलेली खरपुडी काढताना तिच्या छातीत काहीतरी रुतल्यासारखं झालं.

“अक्का, पित्त झालंय बहुतेक,” ती म्हणाली.

तिच्याच बराकीतल्या म्हाताऱ्या गोदाक्कांनी तिला आल्याचा तुकडा दिला. प्रणिताने तो चघळला, पण उतार पडेना. उलट डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते बोटावर घेऊन नीट पाहिलं.

“पातेल्याकडे बघून काय आठवलं तुला?”

“जाऊबाई. मला खरपुडी आवडते म्हणून वाटीत काढून ठेवायच्या. मी त्यांना विहिरीत ढकललं, त्या दिवशीपण ठेवली होती. घरी येऊन मी ती खाल्ली.”

कोर्टातही ती हेच बोलली होती, बाजाराची यादी वाचावी तसं. आज मात्र ‘खाल्ली’ म्हणताना तिने पातेलं बाजूला सारलं.

“चिप बिघडली असेल. डॉक्टरीणबाईंकडून काढून घेते.”

“बिघडली नाही गं. लागू पडली. केल्याचं मनाला लागावं म्हणूनच बसवतात ती.”

प्रणिताला काहीच उमजेना. पोट दुखलं तर ओवा खावा, डोकं दुखलं तर गोळी घ्यावी. पण हे नेमकं कुठे दुखतंय तेच तिला सापडत नव्हतं.

“किती दिवस राहतं हे, अक्का?”

गोदाक्कांनी पातेल्यात पाणी ओतलं.

“मला चिप नाही बसवलेली,” त्या म्हणाल्या, “तरी सतरा वर्षं झाली.”