वावळाचं झाड

झाड कधी पाडताय, हे विचारायला शेजारचे नंजुंडय्या आज सकाळीच फाटकाशी येऊन उभे राहिले.

हे रोजचंच झालं होतं. शेषगिरीनं लग्नाच्या वर्षी लालबागेतून वावळाचं रोप आणलं, दाराला शोभा म्हणून. शोभा आली, तशा बियाही आल्या. पापडासारख्या चपट्या, वाऱ्यावर उडणाऱ्या या बियांनी अर्ध्या चामराजपेटेच्या नाकी नऊ आणले. वळवाचे दोन शिडकावे झाले की कौलांत, गटारात, न्हाणीच्या भिंतीत, मिळेल तिथे त्या उगवायच्या. यंदा तर मुळांनी नंजुंडय्यांच्या विहिरीचा कठडाच फोडला होता.

पण अहल्येला पाचवा महिना होता. बायको गरोदर असताना नवऱ्यानं झाड तोडायचं नाही, दुसऱ्याकडून तोडवायचंही नाही. लग्नानंतर दहा वर्षांनी दिवस राहिलेले. शेषगिरीच्या आईनं, अनुसूयाबाईंनी, हा नियम इतका ताणला की अंगणातलं बोटभर रोपही मुलाला उपटू देईनात. एरवी असल्या गोष्टींना हसणारा शेषगिरी या वेळी हसला नाही. त्याला भीती वाटत होती.

आज तर त्याचं बोलण्यात लक्षच नव्हतं. पहाटेपासून अहल्येच्या पोटात दुखत होतं. घोड्याच्या जटक्यातून आलेली नर्स आत होती आणि खोलीचं दार बंद होतं. त्याला बाहेर थांबण्याखेरीज काही काम नव्हतं, म्हणून तो विहिरीबद्दल बोलत राहिला. बाळंतपण होऊ द्या, मग झाड पाडतो, कठडाही बांधून देतो, असं त्यानं पुन्हापुन्हा सांगितलं. नंजुंडय्या ऐकेनात. पावसाळ्यात कठडा विहिरीत गेला तर मी काय करू, म्हणाले.

दार उघडलं. अनुसूयाबाई पायरीवर आल्या. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"तोड रे आता झाड," त्या म्हणाल्या. "आता काही हरकत नाही."

नंजुंडय्यांनी शेषगिरीचा दंड धरला. "बेडा," ते हळूच कानडीत म्हणाले, "नको, राहू दे."

शेषगिरीला ते ऐकूच आलं नाही. तो आईकडे बघत होता.

"आई, एक पानसुद्धा खुडलं नाही ग मी."