करवंदीच्या जाळीमागे

सगळ्या शिवारातून धूर निघत होता. पावसाआधी भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, टहाळे, पालापाचोळा पसरून राब भाजायचा, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. एकट्या महादूची जागा भाजलेली नव्हती. तिथे त्याने शेणखत मिसळून वाफे केले होते.

रस्त्याने जाणारा प्रत्येकजण थांबून बघत होता.

“महादू, काडीपेटी सपली का रे? देऊ माझी?” रामूने विचारलं.

“नको. औंदा भाजणार नाय.”

“कर बाबा. तुझं उगवलं तर पुढच्या साली आमी समदे करू.”

“आन नाय उगवलं तर?”

“मग ये रोपं मागायला. आमची लावून उरली तर देऊ.” रामू हसत निघून गेला.

महादूला हसू आलं नाही. शाळेच्या पडवीत शहापूरच्या कृषी साहेबाने विचारलं होतं, यंदा न भाजता कोण करून बघतो? सगळे खाली बघत बसले. महादू उभा राहिला. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या.

गीताबाई भाकरी घेऊन आली. फडकं सोडून बांधावर बसली.

“सायेब गाडीत बसून गेला,” ती म्हणाली. “रोपं नाय झाली तर वर्षभर खायाचं काय?”

“होतील गो.”

“तुमाला तरी खात्री हाय का?”

तिने पदराची गाठ सोडली आणि काडीपेटी भाकरीशेजारी ठेवली.

“राब मी रचून ठेवलाय परसात. तुमाला लाज वाटत असंल तर मी पेटवते. बायकोनं पेटवला म्हणून सांगा.”

महादूने काडीपेटी खिशात घातली. भाकरी तशीच बाजूला सारली. तो उठला आणि बांध ओलांडून बाळारामकाकांकडे गेला. सभेत सगळ्यांत मोठ्याने तेच बोलले होते, “आपल्या बापजाद्यांना काय अक्कल नव्हती?” त्यांना एकदा विचारावं आणि पेटवून मोकळं व्हावं.

काकांचा राब धुमसत होता. ते ओला टहाळा घेऊन कडेकडेने विस्तव आवरत होते. त्यांच्या पलीकडे, करवंदीच्या जाळीमागे, खाटेएवढा एक तुकडा होता. माती भुसभुशीत केलेली, वर शेणखत. तिथे आग गेलेली नव्हती.

“काका, हे राहिलं का?”

काकांनी तिकडे बघितलं नाही. “राब कमी पडला रे.”

आंब्याखाली पुरुषभर उंचीचा राबाचा ढीग तसाच पडला होता.

एक ठिणगी उडून त्या तुकड्याच्या कडेला पडली. काका लगबगीने गेले आणि विझली तरी तिच्यावर टहाळा आपटत राहिले. मग दम खात म्हणाले, “तू कशाला आलेलास?”

“काय नाय. सहज.”

महादू परत आला. त्याने भाकरी पुढ्यात ओढली. पोटभर खाल्लं.

“मग कधी पेटवायचा?” गीताबाईने विचारलं.

त्याने खिशातून काडीपेटी काढून तिच्या हातात दिली. “चुलीजवळ ठेव.”

तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या नजरेच्या दिशेने. बांधापलीकडे बाळारामकाका काटेरी फांदी ओढत आणत होते. जाळीला रस्त्याच्या बाजूने एक फट होती. त्यांनी ती नीट बुजवली, रस्त्यावर जाऊन उभे राहिले, आणि तिथून काही दिसतं का ते वाकून बघू लागले.